बारा माग आणि मेक इन इंडिया

दोन महिन्यांपूर्वी एका गुरुवारी रात्री माझा मोठा भाऊ घरी आला. जेवण झालं, चहा झाला, तरी उठेना. मग म्हणाला, भंगारवाला येऊन गेला, बाराही माग एकदम देत असाल तर किलोला दोन रुपये जास्त देतो म्हणतोय. तू शिकलेला माणूस आहेस, काय करू सांग.

मी बीएड आहे. उर्दू शाळेतल्या मुलांना मराठी शिकवतो आणि त्यासाठी वर्षातली निम्मी ताकद 'ळ' आणि 'ण' वर खर्च करतो. माग विकावेत की ठेवावेत, हे मला काय कळणार? तरी आमच्या घरात शिकलेला म्हणजे सगळंच कळणारा, असा समज आहे. मी म्हटलं, थोडे दिवस थांबा भाई. तो हसला. "थांबलोच तर आहे," म्हणाला.

त्याच आठवड्यात नववीच्या वर्गात एक मुलगा तिसऱ्या तासाला बाकावर डोकं ठेवून झोपला. उठवलं तर त्याच्या केसांत कापसाचा बारीक भुगा होता. वडील आजारी, म्हणून रात्रपाळीला त्यांच्या जागी हाच उभा राहतो. मी रागावलो नाही, कारण त्या वयात मीही कांड्या भरल्या आहेत. पण घरी आल्यावर दोन्ही गोष्टी डोक्यात एकत्र झाल्या. भावाचे माग किलोच्या भावाने चालले आहेत, आणि त्याच मागांसमोर पंधरा वर्षांचा मुलगा रात्रभर उभा आहे. टीव्हीवर उत्पादन क्षेत्राच्या भरारीची चर्चा चालू होती. म्हणून हे लिहितो आहे.

मालेगावच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमचं शहर मुंबई-आग्रा रस्त्यावरचं. 1857 नंतर उत्तरेतून, आजमगड, मऊ, बनारसकडून मोमीन विणकर या रस्त्याने खाली आले आणि मोसम नदीच्या काठी थांबले. त्यांच्यापैकीच आमचे पूर्वज. आधी हातमाग, मग वीज आली तसे यंत्रमाग. आज शहरात दोन लाखांच्या वर माग असल्याचं सांगतात. बाहेरून येणारा पाहुणा पहिल्या रात्री झोपू शकत नाही आणि आमचा माणूस बाहेरगावी गेला की शांततेने झोपू शकत नाही. फक्त शुक्रवारी हा खडखडाट बंद असतो. तेव्हा कळतं की आमच्या मोहल्ल्यात चिमण्याही आहेत.

टीव्हीवर मालेगाव येतं ते स्फोट, दंगल किंवा निवडणूक असली तरच. इथे कापड बनतं, हे सांगायला कुणी येत नाही. देशात तयार होणाऱ्या कापडातलं निम्म्याहून जास्त कापड मोठ्या गिरण्या किंवा हातमाग विणत नाहीत, ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, सुरत अशा गावांतले यंत्रमाग विणतात. हातमागाला 2015 पासून 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय दिवस मिळाला, त्याचा आनंदच आहे. यंत्रमागाला दिवस नको, रात्र तरी नीट मिळावी.

आता हा माग म्हणजे नेमकी काय वस्तू आहे ते पाहू, कारण धोरणावर बोलणाऱ्या बहुतेकांनी तो जवळून पाहिलेला नसतो. भावाच्या कारखान्यातले बारापैकी पाच माग अब्बांनी जुने घेतले होते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढच्या वर्षांत गिरण्या एकेक करून मोडीत निघाल्या. त्यांची यंत्रं भंगार बाजारातून भिवंडी, मालेगावला आली. म्हणजे परळचा कामगार ज्या यंत्रावरून उठला, त्याच यंत्राभोवती माझं बालपण गेलं. लहानपणी एका मागाच्या ओतीव लोखंडावर इंग्रजी अक्षरं होती. मी ती बोटाने गिरवत असे. तीच माझी पहिली इंग्रजी. बाकीचे सात माग नवे म्हणून घेतलेले, पण त्यांचं डिझाइनही त्याच जुन्या मागाची नक्कल.

हा माग मिनिटाला साधारण एकशेवीस ते दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो. लाकडी धोटा, त्यात कांडी, कांडीवर बाण्याचा धागा. कांडी संपली की माग थांबवून दुसरी घालायची. मधेच बाणा तुटला आणि लक्ष गेलं नाही, तर कापडात रिकामी पट्टी पडते. ताण्याच्या हजारो धाग्यांतला एखादा तुटला, तर माग तसाच पुढे चालतो आणि कापडात उभी रेघ पडत जाते. ती रेघ दिसली की व्यापारी मीटरमागे पैसे कापतो. म्हणून कामगाराने सतत पाहत राहायचं. सहा-आठ माग, बारा तास, दिव्याच्या उजेडात. कधी धोटा मार्ग सोडून उडतो. आमच्या गल्लीत एका चाचांचा एक डोळा असाच गेला.

इथे एक जुनी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. जपानमध्ये साकिची टोयोडा नावाचा सुताराचा मुलगा होता. आईला हातमागावर राबताना पाहून तो मागाच्या नादी लागला, असं म्हणतात. 1924 मध्ये त्याने असा माग तयार केला की धागा तुटला तर यंत्र आपोआप थांबायचं आणि धोट्यातला धागा संपत आला की चालू मागातच नवा धोटा आत यायचा. एक कामगार तीसहून अधिक माग सांभाळू लागला. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. हीच प्लॅट ब्रदर्स एके काळी जगभराला कापडाची यंत्रं विकत होती. टोयोडाच्या मुलाने पुढे मोटारगाड्यांचा उद्योग उभा केला, तीच आजची टोयोटा. तेव्हा टोयोटाची गाडी रस्त्यात दिसली की मला तिच्यामागे एक माग दिसतो.

1924. धागा तुटला की थांबणारा माग शंभर वर्षांपूर्वी झाला. माझ्या विद्यार्थ्यासमोरचा माग आजही थांबत नाही. यंत्रात जे शंभर रुपयांचं बुजगावणं हवं होतं त्याच्या जागी आपण मुलाचे दोन डोळे बसवले आहेत. ते स्वस्त पडतात, हे कारण आहे. पण फक्त तेवढंच नाही.

भावाने प्रयत्न केला नव्हता असं नाही. साध्या मागाला काही भाग जोडून तो अर्धस्वयंचलित करण्याची केंद्र सरकारची योजना आली होती. ताणा तुटला तर थांबवणारं उपकरण, बाण्यासाठी वेगळं, चांगला ब्रेक, बीम सारख्या ताणाने सोडणारी यंत्रणा. खर्चातला मोठा वाटा सरकार देणार. 1 एप्रिल 2017 ला भिवंडीत 'पॉवरटेक्स इंडिया' जाहीर झाली, त्यातही ही योजना होती. कल्पना मला आजही योग्य वाटते. नवा माग घेण्याची ऐपत नसलेल्याला आहे तोच माग सुधारून देणं, यात शहाणपण आहे.

प्रत्यक्षात काय झालं? भावाने चार मागांना हे भाग बसवून घेतले. पुरवठादाराची माणसं आली, दोन दिवसांत बसवून गेली, फोटो काढले गेले. पहिला महिना मजेत गेला. मग ताणा तुटला नसतानाही माग थांबू लागले. कारण कळायला तीन आठवडे लागले. पत्र्याच्या ज्या बारीक पट्ट्या धाग्यावर लोंबतात आणि धागा तुटला की खाली पडून विजेचा संपर्क जोडतात, त्यांच्यात कापसाचा भुगा आणि खळीची पूड साचत होती. रोज साफ करायला हवं होतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातच व्होल्टेज वर-खाली होऊन दोन मागांचं नियंत्रणाचं सर्किट जळलं. पुरवठादाराला फोन केला तर माणूस पाठवतो म्हणाले. तो माणूस अजून वाटेत आहे. माग थांबला की कामगाराचा पगार थांबतो, कारण त्याला मजुरी विणलेल्या कापडावर मिळते. शेवटी कामगारांनीच एका रात्री तारा काढून टाकल्या. सकाळी चारही माग पूर्वीसारखे अडाणी होऊन चालू होते आणि सगळे खूश होते.

यंत्र विकत घेणं ही गोष्ट सोपी आहे. ते रोज सकाळी भरवशाने चालेल, बिघडलं तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होईल, सुटा भाग गावात मिळेल, तो भाग मापात असेल, हे सगळं मिळून उत्पादन होतं. आमच्याकडे मागाची मोटार जळली की ती गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याकडे जाते. तो हुशार कारागीर आहे, पण दोन-तीनदा गुंडाळलेली मोटार तेवढ्याच कामाला जास्त वीज खाते. भावाच्या कारखान्यात एकही मोटार पहिल्या वाइंडिंगची उरलेली नाही. वीजबिल का वाढतं, यावर तो सरकारला शिव्या देतो. सरकार त्यातल्या काही शिव्यांना पात्र आहे, काहींना ती मोटार आहे.

आता सरकारकडे वळतो. 2011 मध्ये राष्ट्रीय उत्पादन धोरण आलं. उत्पादन क्षेत्राचा वाटा 2022 पर्यंत पंचवीस टक्क्यांवर न्यायचा आणि दहा कोटी रोजगार निर्माण करायचे, असं त्यात लिहिलं होतं. सरकार बदललं, सप्टेंबर 2014 मध्ये 'मेक इन इंडिया'चा सिंह आला, पंचवीस टक्क्यांचं उद्दिष्ट तेच राहिलं. वाटा मात्र पंचवीसच्या जवळपासही गेला नाही. म्हणजे हा एका पक्षाचा दोष म्हणून मोकळं होण्याचा विषय नाही. ज्यांना एकाच बाजूला दगड मारायचा आहे त्यांनी इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल.

कापडाच्या बाबतीत तर घोळ आणखी जुना आहे. हातमाग वाचवायचा म्हणून 1956 मध्ये गिरण्यांच्या मागांची वाढ रोखली. हातमाग त्याने वाचला नाही, मधल्या मोकळ्या जागेत यंत्रमाग वाढला. त्या काळात चार मागांपर्यंतच्या छोट्या कारखान्यांना अबकारी करात सूट होती. माणूस हिशेबी प्राणी आहे. एकाच छपराखाली बापाचे चार, मुलाचे चार, मेहुण्याचे चार, असे कारखाने झाले. कागदावर सगळे लहान. त्यातून एक सवय लागली, मोठं न दिसण्याची. सत्तर वर्षं झाली, ती सवय गेली नाही, कारण धोरणही तेच आहे. आज महाराष्ट्रात वीज सवलतीची रेघ 27 हॉर्सपॉवरवर आहे. 2024 मध्ये राज्य सरकारने जादा सवलत दिली, तीही या रेघेखाली युनिटला एक रुपया आणि वर पंचाहत्तर पैसे. सवलत गरजेचीच आहे, ती बंद करा असं मी म्हणणार नाही, नाहीतर माझा भाऊ मला घरात घेणार नाही. पण आमच्या मोहल्ल्यात कोण किती माग वाढवणार, हे बाजार पाहून ठरत नाही, मीटर पाहून ठरतं.

आणि वरच्या टोकाला काय आहे? सप्टेंबर 2021 मध्ये केंद्राने कापड उद्योगासाठी 10,683 कोटींची उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना मंजूर केली. कृत्रिम धाग्याचे कपडे, कृत्रिम धाग्याचं कापड, तांत्रिक वस्त्रं. त्यात शिरायचं तर एका भागात किमान 300 कोटी आणि दुसऱ्या भागात 100 कोटी गुंतवणूक हवी होती. पुरेसे लोक पुढे आले नाहीत, म्हणून 2025 मध्ये ही अट निम्म्यावर आणली. भावाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अच्छा, आता पन्नास कोटींत जमतंय? मग उद्याच अर्ज करतो." 27 हॉर्सपॉवरच्या खाली राहणाऱ्याला वीजबिलात रुपया आणि पन्नास कोटीवाल्याला प्रोत्साहन. बारा मागांवरून चोवीस चांगल्या मागांवर जाऊ पाहणारा जो मधला माणूस आहे, त्याच्यासाठी या दोन पायऱ्यांमध्ये जिनाच नाही.

जिना कधी होता का? होता, पण त्यावर एक अडचण उभी होती. तिच्यावर आमच्यात कुजबुज होते, उघड कुणी लिहीत नाही. 1 एप्रिल 1999 ला तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू झाली. तिचा गाभा असा की बँकेकडून कर्ज घेऊन नवं यंत्र घ्या, व्याजातले पाच टक्के सरकार परत देईल. पुढे यंत्रमागांसाठी भांडवली अनुदानाचे पर्याय आले, तेही बहुतेक बँकेच्या कर्जाला बांधलेले. इचलकरंजीत, सुरतेत, कोइमतूरच्या परिसरात लोकांनी या योजनेचा उपयोग करून घेतला. मालेगावात आमच्या अब्बांसारखी माणसं होती. सूद हराम, म्हणून बँकेची पायरी चढायची नाही. व्याज घेणारा जितका गुन्हेगार तितकाच देणारा, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. सरकार व्याजात सूट देतं म्हणजे सूद असतोच, उलट सरकारही त्यात भागीदार, असं त्यांचं उत्तर होतं. मला या मसल्यावर फतवा द्यायचा नाही. त्यासाठी माझ्याहून जास्त शिकलेले लोक आहेत आणि त्यांच्यातही मतभेद आहेत. मी एवढंच पाहिलं की अब्बांनी बँकेचं कर्ज घेतलं नाही, पण सुताच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर सूत घेतलं आणि रोखीपेक्षा गाठीमागे जास्त भाव मुकाट्याने दिला. ते व्याज नव्हतं, 'भाव' होता. बँकेपेक्षा महाग होता.

त्याच वेळी हेही खरं की जे बँकेत गेले त्यांचं स्वागत काही हार घालून झालं नाही. भाऊ एकदा गेला होता, अब्बांच्या इंतकालनंतर. कारखान्याची जागा अब्बांच्या नावावर, अब्बांच्या आधी आजोबांच्या, वाटणीचा कागद नाही. जुन्या मागांची पावती नाही. व्यवहार अर्धा रोखीत. अधिकाऱ्याने फाईल चाळली, पत्ता वाचला आणि मोहल्ल्याचं नाव पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. नंतर कळवतो म्हणाले. कागद अपुरे होते हे मान्य, पण ते मोठ्याने वाचणं भावाच्या अजून लक्षात आहे.

नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीत अर्धं शहर थांबलं होतं, त्यावर बरंच लिहून झालं आहे. जीएसटीचं मात्र एक बारीक दुखणं आहे. जुलै 2017 मध्ये कापडावर पाच टक्के आणि कृत्रिम सुतावर अठरा टक्के कर लागला, मग ऑक्टोबरमध्ये सुतावरचा बारा झाला. म्हणजे विणकराने सूत घेताना जास्त कर भरायचा आणि कापड विकताना कमी वसूल करायचा. उरलेला अडकलेला पैसा कापडवाल्यांना परत मिळण्याची सोय पहिलं वर्षभर नव्हती, ऑगस्ट 2018 पासून झाली. शेवटी 22 सप्टेंबर 2025 पासून सुतावरही पाच टक्के झाला. चांगलं झालं. आठ वर्षं लागली. मधल्या काळात ज्यांनी माग विकले त्यांना आता कोणता परतावा द्यायचा?

उधारीचंही तसंच. लहान उद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांत द्यायचं, हा कायदा 2006 चा आहे. आता तर मुदतीत दिलं नाही तर त्या वर्षी घेणाऱ्याला ते खर्चात धरता येत नाही, अशी आयकराची तरतूदही आहे. पण ती नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाच्या बाजूने आहे. भावाकडे नोंदणी आहे. त्याने ती दलालाला दाखवली. दलाल म्हणाला, सेठ, नोंदणी असलेल्याकडून माल घ्यायचा की नसलेल्याकडून, ते आमच्या हातात आहे ना. भावाने कागद घडी करून खिशात ठेवला.

ग्रे कापड इथून पाली, बालोत्रा, जेतपूरला जातं. तिथे धुतलं, रंगवलं, छापलं जातं आणि खरी किंमत तिथे चढते. आमच्याकडे पाण्याची आणि सांडपाण्याची सोय नाही म्हणून प्रक्रिया उद्योग नीट उभा राहिला नाही. विणणारा मालेगावचा, कापडावर नाव दुसऱ्या गावाचं.

इतकं सगळं सरकारवर टाकून मोकळं होणं मला जमणार नाही, कारण मी रोज आरशात एक कारण पाहतो. माझ्या पिढीतली शिकणारी मुलं डीएड, बीएडला गेली. का? मास्तरकी म्हणजे इज्जत, माग म्हणजे मजुरी. माझे अब्बा सुताच्या ताणावर बोट ठेवून आर्द्रता सांगायचे. त्यांच्या मुलाने वृत्तं आणि अलंकार पाठ केले. दोन लाख माग असलेल्या शहरात विणकामाचा पदविकाधारक शोधायला जावं तर भिंग लागेल. मागाची दुरुस्ती जॉबर करतो, तो उस्तादाकडून शिकलेला, उस्ताद त्याच्या उस्तादाकडून. हे ज्ञान खोटं नाही. पण ते जुन्या मागाचं आहे. सर्किट आलं की त्याचा हात थांबतो.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये आला, संस्थानच्या नारायणराव घोरपड्यांनी उद्योगाला आधार दिला, लोकांनी सहकारी संस्था काढल्या आणि 1982 मध्ये वस्त्रोद्योगाचं महाविद्यालय उभं केलं. तिथेही आज जुने माग भंगारात जात आहेत, तिथला छोटा यंत्रमागधारकही रडतो आहे, सोलापूरचे पद्मशाली बांधवही. हे दुखणं मुसलमानांचं नाही, यंत्रमागाचं आहे. पण तिथे साधा माग गेला की काही जणांच्या जागेत रॅपियर किंवा एअरजेट येतो, आमच्याकडे बहुतेकदा मंगल कार्यालय येतं. आम्ही मुशायऱ्याला एका रात्रीत वर्गणी गोळा करतो. मीही देतो, पहिल्या रांगेत बसून दादही देतो. त्याच वर्गणीतून दहा कारखान्यांनी मिळून एक दुरुस्तीची कार्यशाळा आणि सुट्या भागांचं दुकान काढावं, असं मी एकदा मशिदीबाहेर सुचवलं. एक बुजुर्ग म्हणाले, मास्तर, त्याचा चेअरमन कोण होणार? विषय तिथे संपला.

चांगले बिनधोट्याचे माग आपण अजून बहुतांशी बाहेरून आणतो. नवे जपान, बेल्जियम, चीनचे, आणि युरोपातून वापरून झालेले जुनेही. सूतकताईची यंत्रं भारतात उत्तम बनतात, कोइमतूरची एक कंपनी 1962 पासून बनवते आहे. विणकामात तशी ताकद उभी राहिली नाही. फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी काही बिनधोट्याच्या मागांवरचं आयातशुल्क साडेसात टक्क्यांवरून शून्य केलं. विणकराच्या दृष्टीने बरंच आहे. पण मिनिटाला सहाशे-आठशे फेरे मारणारा एअरजेट बालोश्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये चालत नाही. त्याला स्वच्छ दाबाची हवा लागते, स्थिर वीज लागते, मजबूत सूत लागतं, सर्किट समजणारा माणूस लागतो. शुल्क शून्य केल्याने यातलं काहीच गावात येत नाही.

मला सुचतं ते असं. कर्जाऐवजी यंत्र भाड्याने द्यायची योजना काढा. सरकारी संस्थेने चांगला माग घ्यावा, कारखानदाराने महिना भाडं भरावं, पाच-सात वर्षांनी तो त्याचा व्हावा. जगभर असं चालतं, आणि शरियतमध्येही 'इजारा' म्हणजे भाडेकरार वैध आहे. नीट आखली तर अब्बांसारख्या माणसालाही त्यात यायला अडचण पडली नसती आणि जागेच्या कागदांवाचून अडलेल्यालाही नाही, कारण माग स्वतःच तारण. भाड्यात दुरुस्ती धरा. माग बंद राहिला तेवढे दिवस भाडं बंद, एवढी एकच अट घातली तर पुरवठादाराचा वाटेतला माणूस त्याच दिवशी पोचेल. आणि प्रत्येक यंत्रमाग गावात मोजमापाची सोय असलेली एक सरकारी कार्यशाळा, जिथे धोट्यापासून सर्किटपर्यंत सुटा भाग तपासून मिळेल. पन्नास कोटींच्या अटीपुढे या मागण्या फार किरकोळ आहेत, कदाचित म्हणूनच कुणाच्या जाहीरनाम्यात बसत नाहीत.

नववीतल्या त्या मुलाच्या घरी मी गेलो होतो. आई म्हणाली, सर, आठ दिवस द्या, यांना बरं वाटलं की पाठवते. पंधरा दिवसांनी तो आला. झोपेतून उठल्यासारखा होता, पण आला. मी त्याला विचारलं, रात्री किती माग पाहतोस? "सहा," म्हणाला. मग थोड्या अभिमानाने, "माझ्या कापडात रेघ पडत नाही सर."

भावाने शेवटी पाच माग दिले, गिरणीतून आलेले. भंगारवाल्याचा टेम्पो शुक्रवारी आला, जुम्याच्या नमाजनंतर, कारण त्या दिवशी कारखाना बंद असतो. मीही गेलो होतो. इंग्रजी अक्षरांचा तो तुकडा मी मागून घेतला. भंगारवाल्याने तोही वजन करून दिला. मिळालेल्या पैशांत भावाने उरलेल्या सात मागांना नव्या मोटारी बसवल्या. महिन्याचं वीजबिल आलं की मला आणून दाखवणार आहे.